पाण्यातल्या मेटल डिटेक्टरच्या केबलसाठी घेतलेलं किट, १४ महिने वापरून झाल्यावर

सहा व्हेल्क्रोचे पट्टे, प्लास्टिकच्या तीन क्लिपा, दीड मीटर स्पायरल रॅप (केबलभोवती गुंडाळायची प्लास्टिकची पिळाची पट्टी), कॉइलच्या, म्हणजे दांडीच्या टोकाला असलेल्या धातू हुडकणाऱ्या तबकडीच्या, कानाजवळ (ती दांडीला जोडतात तिथे) केबलवर चढवायची एक रबरी नळी आणि सिलिकॉन ग्रीसची बोटभर ट्यूब. एवढंच येतं या किटमध्ये. नाव लिहीत नाही, कारण हेच सामान वेगवेगळ्या लेबलखाली विकलं जातं आणि यातली एक वस्तू खराब निघाली म्हणून कुणा एकाला नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. १४ महिने झाले वापरतोय, समुद्र आणि गोडं पाणी धरून चाळीसेक वेळा तरी उतरलो असेन, कंबरभर-छातीभर पाण्यात जास्त आणि हवेची टाकी लावून खाली कमी. पाचपैकी साडेतीन देतो. साडेतीनातले दीड त्या रबरी नळीचे आहेत, ती का ते पुढे येईलच.

किट का घेतलं ते आधी सांगतो. ओळखीतल्या एका बाईंची अंगठी पाण्यात पडली होती, त्यांच्या आईची, म्हणजे दुसरी आणून भागेल अशी वस्तू नव्हती ती. जागा त्यांनी नीट दाखवली होती, छातीभर पाणी, तळाला बारीक वाळू, लाटा मध्यम. मी उतरलो, पाच मिनिटांत सिग्नल आला, स्कूप (वाळू उपसायचं भोकं असलेलं फावडं) मारला, काही नाही. परत सिग्नल, परत स्कूप, परत नुसती वाळू. दीड तास हेच चाललं. सेन्सिटिव्हिटी कमी केली, ग्राउंड बॅलन्स (तळातल्या खनिजांकडे मशीनने दुर्लक्ष करावं म्हणून करायची जुळणी) परत केला, बीचचा मोड बदलून बघितला, मशीन बंद करून चालू केलं, कशानेच फरक पडेना आणि बाई काठावर उभ्या राहून बघतायत. शेवटी माझा जोडीदार म्हणाला, "अरे थांब जरा, तू फिरवतोस तेव्हा नाही ओरडत ते, लाट आली की ओरडतंय. केबल बघ तुझी." हात खाली घालून चाचपलं तर कॉइलच्या वरची हातभर केबल दांडीपासून सुटून लाटेबरोबर डोलत होती. त्याने बॅगेचा एक पट्टा काढून ती दांडीला आवळली आणि मशीन एकदम शांत. अंगठी त्यानंतर अर्ध्या तासात मिळाली, आणि मिळाली कुठे तर मी आधी तीनदा वाळूच्या ज्या पट्ट्यातून गेलो होतो तिथेच. खरा सिग्नल तेव्हाही आला असणारच, पण इतक्या खोट्या सिग्नलांमध्ये मी तो सोडून दिला. हे मला फार लागलं. त्या दिवशी अंगठी मिळाली नसती तर "इथे नाहीये" असं मी त्यांना छातीठोकपणे सांगून निघालो असतो.

ज्यांनी नुकतंच मशीन घेतलंय त्यांच्यासाठी, केबल हलली की मशीन का ओरडतं ते थोडक्यात. कॉइल आपल्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार करते, त्यात धातू आला की धातूमध्ये छोटे छोटे प्रवाह फिरायला लागतात, त्या प्रवाहांचं जे क्षेत्र तयार होतं ते कॉइलमधली दुसरी वायंडिंग पकडते आणि तो अगदी बारीक सिग्नल केबलमधून वर कंट्रोल बॉक्सपर्यंत येतो. पण केबलच्या आतही तांबंच आहे ना, आणि तारांभोवतीचं शील्ड, म्हणजे जाळी, तेही धातूचंच. ते कॉइलजवळ एका जागी स्थिर असेल तर मशीनला त्याचा त्रास नाही, कारण ही मशीनं मुख्यतः बदल ओळखतात, जे कायम आहे तसंच आहे ते बाजूला टाकतात. तीच केबल दोन इंच इकडून तिकडे गेली की मशीनला ती कॉइलजवळून गेलेल्या धातूसारखीच दिसते. जमिनीवर वारा केबल हलवत नाही म्हणून चालून जातं, पाण्यात मात्र लाट, प्रवाह आणि आपण स्वतः फिरवतो तो जोर, तिन्ही मिळून केबल सतत ओढत असतात.

आता एकेक वस्तू.

पट्टे चांगले आहेत. चार आखूड, दोन लांब, पाकिटावर पॉलिएस्टर लिहिलंय आणि वापरताना तसंच जाणवलं. हे मुद्दाम बघून घ्या, कारण नायलॉनचं व्हेल्क्रो पाणी पितं आणि भिजलं की पकड ढिली पडते, पॉलिएस्टर पाणी फारसं पीत नाही आणि उन्हातही जास्त तग धरतं. प्रत्येक पट्ट्याला एका टोकाला भोक आहे, त्यातून दुसरं टोक ओवून आधी केबलवर आवळायचं आणि मग उरलेला पट्टा दांडीभोवती घ्यायचा, म्हणजे पट्टा सोडला तरी केबलवरून निसटून पाण्यात जात नाही. ज्याने हे डिझाइन केलंय त्याने बहुतेक पाण्यात एखादा पट्टा घालवला असणार. तक्रार एकच, हुकांमध्ये बारीक वाळू आणि शेवाळाचे तंतू अडकतात आणि मग पकड जाते. जुन्या टूथब्रशने नळाखाली घासलं की परत येते. १४ महिन्यांत सहापैकी एकच पट्टा गेला, तोही कॉइलच्या सगळ्यात जवळचा, जो दर वेळी वाळूत घासला जातो.

पट्टे कितीही चांगले असले तरी वेढे चुकीचे घातले तर उपयोग नाही, आणि किटसोबतच्या कागदावर याबद्दल एक ओळ नाही, नुसतं चित्र आहे आणि तेही अर्धवट. म्हणून मी कसं करतो ते लिहितो. आधी दांडी आपल्या उंचीला हवी तेवढी लांब करून लॉक करायची, मगच केबल गुंडाळायची. हा क्रम फार जणं उलटा करतात, घरी दांडी आखूड असताना छान गुंडाळतात आणि पाण्याजवळ गेल्यावर दांडी ओढून लांब करतात, मग केबल तारेसारखी ताणली जाते आणि सगळा ताण कॉइलच्या कानावर. मी दांडीवर माझ्या लांबीला पांढऱ्या रंगाची एक खूण केलीय, दर वेळी तिथेच लॉक.

सुरुवात कॉइलकडून, बॉक्सकडून नाही. बॉक्सकडून सुरू केलं की जी काही जास्तीची केबल असते ती सगळी खाली कॉइलजवळ जमा होते, आणि नेमकी तिथेच ती नको असते. पहिला वेढा दांडीच्या वरच्या अंगाने न्यायचा, खालून नाही, म्हणजे केबल दांडीच्या पाठीला धरून राहते, खाली झोळ पडत नाही. कॉइल आणि पहिला पट्टा यांच्यामध्ये थोडी ढील ठेवायची, आणि किती ते असं तपासायचं, कॉइल एकदा पूर्ण सपाट करा, एकदा पूर्ण दांडीकडे दुमडा, दोन्ही टोकांना केबल ताणली जाता कामा नये आणि मधल्या स्थितीत केबलच्या कमानीखालून दोन बोटं जेमतेम जावीत. दोन बोटं म्हणजे दोनच, मूठ जात असेल तर ती डोलणार. पहिला पट्टा त्या कमानीच्या लगेच वर आणि तो सगळ्यात घट्ट, कारण हलण्याचा सगळा त्रास कॉइलजवळच्या त्या वीतभर भागात असतो, वर हाताजवळ केबल थोडी हलली तरी सहसा काही होत नाही.

त्यानंतरचे वेढे लांब लांब. माझ्या दांडीवर एक वेढा जवळजवळ वीतभर जागा घेतो. जवळ जवळ वेढे घातले की दिसायला सुंदर दिसतं, स्प्रिंगसारखं, पण केबल फार लहान गोलाईत वाकते, आतले बारीक तांब्याचे धागे कायम पीळ खाऊन राहतात आणि वेढ्यांच्या मध्ये वाळू अडकून दांडी आणि केबल एकमेकांवर घासत बसतात. वर पोचल्यावर जी उरेल ती केबल बॉक्सजवळ एक मोठा सैल लूप करून लांब पट्ट्याने बांधायची. कनेक्टरच्या आधी परत दोन बोटांची ढील, शेवटचा पट्टा असा लावायचा की केबल ओढली गेली तरी ओढ पट्ट्यावर यावी, कनेक्टरवर नाही.

उरलेली केबल कापून आखूड करू का, असं मला दोनदा विचारलं गेलंय. नका करू. कॉइल, केबल आणि सर्किट हे कंपनीत एकत्र जुळवलेलं असतं, केबलची स्वतःची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) त्या हिशोबात धरलेली असते, लांबी बदलली की जुळणी बिघडू शकते, आणि मधोमध जोड दिला की पाण्याला शिरायला एक दार आपणच करून दिलं. लांब केबल सांभाळायचा त्रास होतो हे मान्य, पण तो सांभाळायचाच.

क्लिपा मात्र साफ नापास. सी आकाराच्या, दांडीवर खटकन बसतात आणि केबल एका खाचेत बसते, कोरड्यात फार छान वाटतं. तिसऱ्याच वेळी एक तडकली, दुसरी उन्हात ठेवलेल्या बॅगेत तडकली. पण तुटण्यापेक्षा वाईट गोष्ट दुसरीच आहे. खाचेच्या आतल्या कडेला साच्याची एक बारीक रेघ राहिलेली आहे, डोळ्याला दिसत नाही पण नख फिरवलं की लागते. क्लिप काढल्यावर केबलच्या काळ्या आवरणावर बरोबर त्या जागी एक चमकदार रेघ दिसली, केसाएवढी, आणि तिच्यावर बोट फिरवलं तर चक्क खाच लागली. दोन महिन्यांत एवढं, तर वर्षभरात आवरण कापलंच गेलं असतं. तुम्ही असं किट घेतलं तर क्लिपा लावायच्या आधी आतून बारीक सँडपेपर मारा, किंवा सरळ बाजूला ठेवा. मी ठेवल्या.

आवरण कापलं की काय होतं ते मी एका जुन्या कॉइलवर बघितलंय. कॉइलच्या कानापासून दोन बोटांवर आवरणाला एक चीर होती, वाकवल्याशिवाय दिसायचीच नाही. मशीन अधूनमधून आपोआप ओव्हरलोड (सिग्नल झेपत नाही अशी सूचना) दाखवायचं, मग ठीक, मग परत तेच, आणि वाळलं की आठवडाभर एकदम उत्तम, त्यामुळे मला कितीतरी दिवस बॅटरीचा संशय. शेवटी कॉइल पूर्ण गेली तेव्हा ती केबल मी ब्लेडने उभी चिरून उघडली. चिरेजवळचं शील्ड हिरवं पडून पिठासारखं झालं होतं हे अपेक्षितच होतं, पण तिथून वर हातभर अंतरापर्यंत जाळीचा रंग काळपट-हिरवा होता. पाणी जाळीच्या धाग्यांमधून वातीतल्या तेलासारखं चढत गेलेलं. आणि समुद्राच्या पाण्यात एका लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, पाणी वाळतं पण मीठ आतच राहतं, पुढच्या ओलाव्याला परत काम सुरू करतं. म्हणून वरून चिकटपट्टी लावून चीर बंद केली तर उपयोग होत नाही, आत शिरलेलं आत कोंडलं जातं इतकंच. चीर ताजी असेल, आत पाणी गेलेलं नसेल, तर पूर्ण कोरडं करून आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी (गरम केली की आकसून घट्ट बसणारी) चढवता येते, तीही कनेक्टर निघत असेल किंवा नळी त्यावरून जात असेल तरच.

म्हणून ती रबरी नळी मला सगळ्यात जास्त आवडली. एका बाजूने उभी चिरलेली मऊ सिलिकॉनची नळी आहे, बोटाएवढी लांब, एका टोकाला जाड आणि दुसरीकडे निमुळती होत गेलेली. केबल कॉइलमध्ये जिथे शिरते तिथे ती चढवायची, जाड टोक कॉइलकडे, आणि निमुळत्या टोकावर पहिला आखूड पट्टा. काम एवढंच की केबल एकाच बिंदूवर न वाकता त्या बोटभर लांबीत हळूहळू वाकते. केबल तुटते ती बहुतेक वेळा दोनच जागी, कॉइलच्या तोंडाशी नाहीतर कनेक्टरच्या तोंडाशी, कारण कडक भाग संपून मऊ भाग सुरू होतो तिथेच दर वेळी वाकण येते. मधल्या सगळ्या लांबीत केबलला फारसं काही होत नाही, आणि गंमत म्हणजे किटमधलं बहुतेक सामान त्या मधल्या लांबीसाठीच आहे. नळी एकच दिलीय, दोन द्यायला हव्या होत्या. कनेक्टरच्या टोकाला मी दुसऱ्या एका मऊ नळीचा तुकडा चिरून लावलाय, चाललंय व्यवस्थित. फक्त दर काही दिवसांनी ही नळी काढून आत साचलेली वाळू धुवा, नाहीतर जी वस्तू वाचवायला लावली तीच घासायला लागते.

स्पायरल रॅप वापरू नका. ऑफिसातल्या टेबलाखालच्या वायरींना ते ठीक आहे. पाण्यात त्याच्या प्रत्येक फटीत वाळू बसते, केबल जाड झाल्याने प्रवाहात जास्त ओढली जाते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आवरणावर चीर पडली तर ती दिसतच नाही. मी चार वेळा वापरलं, पाचव्यांदा काढलं तेव्हा आतून चमचाभर वाळू पडली.

झिप टाय आणि काळी इलेक्ट्रिकल टेप यांच्याशी तुलना करायची तर पट्टेच बरे, यात मला शंका नाही. झिप टाय एकदा आवळला की सैल करता येत नाही, जास्त आवळला तर केबलला चिमटा बसतो, आणि कापलेलं टोक इतकं धारदार असतं की वेटसूटला आणि बोटांना दोघांना लागतं. तरीही वेळ आली तर काळे घ्या, पांढऱ्यापेक्षा उन्हात जास्त टिकतात, आणि टोक नेलकटरने अगदी कडेला कापा. टेप उन्हात वितळून चिकट काळं काहीतरी मागे ठेवते आणि त्यावर वाळू बसून सँडपेपर तयार होतो. तार तर अजिबात नको, हे सांगायला लागू नये पण कॉइलजवळ तांब्याची तार गुंडाळलेलं मशीन मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

ग्रीसची ट्यूब छोटी आहे पण ग्रीस लागतं तरी किती, मुगाच्या डाळीएवढं. ओ-रिंगला (सांध्यातून पाणी शिरू नये म्हणून बसवलेली गोल रबरी रिंग) ते लावायचं ते रिंग मऊ राहावी आणि बसताना पिळवटू नये म्हणून, पाणी अडवायचं काम रिंगच करते. जास्त लावलं तर त्यालाच वाळू चिकटते, आणि रिंगवर वाळूचा एक कण किंवा एक केस आडवा राहिला तरी पाणी आत जाऊ शकतं. बोटाच्या पेरावर घेऊन रिंग नुसती चमकेल इतकं लावा. दोन गोष्टी लक्षात ठेवा, पेट्रोलियम जेली सगळ्या रबरांना चालत नाही, ईपीडीएम नावाच्या रबराची रिंग असेल तर ती फुगते, आणि रिंगच सिलिकॉनची असेल तर सिलिकॉन ग्रीसने ती फुगू शकते. त्यामुळे तुमच्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते आधी वाचा, तिथे "ग्रीस लावू नका" असं असेल तर नका लावू.

उन्हात तापलेलं मशीन थेट थंड पाण्यात घालू नका, हेही यातच सांगतो. आतली हवा गार होऊन आकसते आणि जिथे सील कमजोर असेल तिथून पाणी आत खेचलं जातं. सावलीत दहा मिनिटं ठेवा, मग उतरा. खोलीचा आकडाही मनात असू द्या, दर १० मीटरला साधारण एक वातावरण एवढा दाब वाढतो, मग ३ मीटर खोलीपर्यंतच चालणारं मशीन ५ मीटरवर नेऊन "काही झालं नाही" असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

पाण्यातून आल्यावर मी काय करतो तर कनेक्टर न काढता, सगळी झाकणं बंद ठेवून, कॉइल आणि दांडी गोड्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवतो, नुसतं वरून पाणी ओतून दांडीच्या लॉकमधलं मीठ निघत नाही. मग पट्टे सोडतो, केबल पूर्ण मोकळी करतो आणि ओल्या कपड्याच्या चिमटीतून वरपासून खालपर्यंत ओढून घेतो. ही चिमटी सगळ्यात महत्त्वाची आहे, डोळ्याला न दिसणारी खाच, फुगवटा, कडक झालेला भाग सगळं बोटांना कळतं, माझी क्लिपवाली रेघ मला अशीच कळली. कॉइलचं खालचं कव्हर काढून आतली वाळू धुतो, तिथे काळी वाळू साठली तर तीही खोटे सिग्नल देते आणि आपण परत केबलला दोष देत बसतो. सगळं पूर्ण वाळल्यावरच, आणि कोरड्या हातांनीच, कनेक्टर काढायचा. ठेवताना केबलचे मोठे सैल वेढे, ताटाएवढे, आणि तिच्या स्वतःच्या पिळाच्या दिशेनेच. बॉक्सभोवती करकचून गुंडाळून बंद गाडीत ठेवली की पीव्हीसीचं आवरण हळूहळू कडक होत जातं, मग थंड पाण्यात ते अजूनच ताठ होतं आणि तडकतं. पॉलियुरेथेनचं आवरण असेल तर घासणं आणि थंडी दोन्ही बरंच जास्त सोसतं.

केबलचा संशय आला तर पाण्यात उभं राहून सेटिंग बदलत बसू नका, मी दीड तास घालवलाय. बाहेर या, विजेच्या तारा आणि मोबाइलपासून लांब, कॉइल धातूपासून दूर एखाद्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या वस्तूवर ठेवा, ऑल मेटल मोड (कुठलाही धातू न वगळणारा) लावा, कॉइलला हात न लावता केबल आधी कॉइलच्या तोंडाशी, मग मधे, मग कनेक्टरजवळ हलकेच वाकवून बघा. हातात अंगठी, घड्याळ नको. कॉइल स्थिर असताना एका ठरावीक जागी हात लावला की दर वेळी कुरकुर होत असेल तर दोष तिथेच आहे. कुठेच नाही झाली तर केबल बरी आहे, फक्त बांधणी सैल होती.

हे किट कुणाला लागेल तेही मशीनवर अवलंबून आहे. मायनलॅब एक्सकॅलिबर २ सारख्या मशीनची कॉइल कायमची जोडलेली असते, खोल जाण्यासाठी ते चांगलंच, कनेक्टर नाही म्हणजे गळायची एक जागा कमी, पण केबल गेली की सुटी कॉइल लावून भागत नाही, त्यामुळे अशा मशीनवर ती रबरी नळी मी पहिल्या दिवसापासून लावेन. त्याच कंपनीच्या सीटीएक्स ३०३० मध्ये केबल दांडीच्या आतून जाते, तिथे या किटमधलं जवळजवळ काहीच लागत नाही. इक्विनॉक्स ८०० किंवा गॅरेटचं एटी प्रो, दोन्ही ३ मीटरवाली, केबल बाहेरून आणि कॉइल बदलता येणारी, अशांवर किट बरोबर बसतं. वायरलेस कॉइलवाल्यांना वाटेल आपला काय संबंध, पण रेडिओच्या लहरी पाण्यात काही सेंटीमीटरमध्येच विरून जातात, म्हणून एक्सपीच्या डेउस २ ला सुद्धा पाण्याखाली कॉइलपासून रिमोटपर्यंत अँटेनाची वायर लावावीच लागते. ती बारीक असते, आणि तिला हे पट्टे जरा मोठेच होतात.

टाकी लावून उतरणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. कंट्रोल बॉक्स कमरेला लावला की केबल दांडीच्या वरच्या टोकापासून कमरेपर्यंत मोकळी येते आणि तिथे कुठलाच पट्टा कामाचा नाही. हात पूर्ण लांब करून बघा, जेवढी लागते तेवढीच मोकळी ठेवा, बाकी सगळी दांडीवर बांधा, आणि ती मोकळी केबल टाकीच्या पट्ट्यांच्या आणि हवेच्या होजच्या वरून जाऊ द्या, खालून किंवा मधून नाही, म्हणजे मशीन सोडून द्यायची वेळ आली तर एका हाताने सोडता येईल. खाली मासेमारीची सोडलेली दोरी सगळ्यात आधी लोंबणाऱ्या लूपमध्येच अडकते. मला एकदा अडकलीय, पाणी ५-६ मीटरच होतं आणि जोडीदार शेजारी होता म्हणून शांतपणे कापून सुटलो, पण तेव्हापासून बॉक्सजवळचा तो मोठा लूप डायव्हिंगला मी ठेवत नाही, दांडीवरच आडवा दुमडून दोन पट्ट्यांनी सपाट बांधतो.

घ्यावं का, तर पट्टे आणि नळी सुटी मिळत असतील तर तेवढीच घ्या, दोन नळ्या घ्या. सुटी मिळत नसतील तर किट घ्यायला हरकत नाही, क्लिपा आणि रॅप बाजूला काढा. माझा गेलेला पट्टा मी मागच्या आठवड्यात बदलला, जुना अजून डिटेक्टरच्या बॅगेतच ठेवलाय, पाण्यात शेजारी कुणाचं मशीन लाटेबरोबर ओरडताना ऐकू आलं तर द्यायला.